चांदणीचं बटण

आमच्या घरात सांधे घालायचं काम ह्यांचं आणि खोट काढायचं माझं. हे तंत्रशाळेत गॅस वेल्डिंग शिकवतात. तांब्याच्या नळीला नळी अशी जोडतात की सांधा बोटालासुद्धा लागत नाही. मी कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला आहे. दिवसभर पांढऱ्या उजेडाच्या टेबलावर दुसऱ्यांनी घातलेल्या शिवणी बघायच्या आणि चुकलेल्या जागी लाल ठिपका चिकटवायचा. एकतीस वर्षांचा संसार याच वाटणीवर चाललाय. खोट काढायच्या कामात मी कधी रजा घेतलेली नाही, घरी आल्यावरही नाही.

दोन वर्षांपूर्वी तंत्रशाळेला नवे प्राचार्य आले. ते सगळं मुद्द्यांत बोलतात, म्हणून त्यांना मुद्देसाहेब म्हणतात. 'मुद्दा एक, बसा. मुद्दा दोन, चहा घेणार का?' असं. मुद्देसाहेबांनी वेल्डिंगची पेटती टॉर्च जन्मात हातात धरलेली नाही, पण वेल्डिंग कसं शिकवावं याबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. एका शुक्रवारी त्यांनी शिक्षकांना बोलावून सांगितलं, की प्रत्येकाने आपल्या कामाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ सोमवारी चारच्या आत पाठवायचा. मोबाइलवर काढलेला चालणार नाही, कॅमेऱ्यावरचाच हवा, आणि त्यात माहिती सांगणारा आवाज हवा. ज्याचा व्हिडिओ दर्जेदार ठरेल त्याचा विभाग चालू राहील. ज्याचा ठरणार नाही त्याची कार्यशाळा बंद, आणि त्या शिक्षकाला भांडारात खुर्ची. माणसाला पोहता येतं की नाही हे त्याचा टॉवेल बघून ठरवायचं, त्यातलाच प्रकार.

हे घरी येऊन बूट न काढताच बसले.

"भांडारात मी काय करू?" ते म्हणाले.

"खिळे मोजा. स्क्रू मोजा. कंटाळा आला की उलटे मोजा."

ते हसले नाहीत. त्यांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि कार्यशाळेच्या लांबट खोलीतलं विटांचं टेबल सोडलं तर ह्यांना जगात दुसरी जागा नाही हे मला माहीत होतं. भांडारातल्या खुर्चीवर हा माणूस सहा महिन्यांत मुका होईल, याची मला भीती वाटली. पण भीती वाटली की माझ्या तोंडून टोमणाच बाहेर पडतो. त्याला आता इलाज नाही.

तसंही गेले काही महिने हे विचित्रच वागत होते. वर्तमानपत्राची शाई फिकी झाली म्हणून वितरकाशी भांडले. मी म्हणाले, शाई नाही, बातम्या फिक्या झाल्यात. स्वयंपाकघरातला दिवा दोनदा बदलला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा. मी म्हणाले, आता इथे विमान उतरवा. स्कूटर झाकून ठेवली आणि चालणं तब्येतीला चांगलं असं जाहीर केलं. सकाळी बाहेर पडताना काळा चष्मा लावायला लागले, तेव्हा तर मी शेजारणीला मुद्दाम हाक मारून दाखवलं, की बघा, आमच्याकडे या वयात हिरो जन्माला आलाय. एक गोष्ट ह्यांनी करावी आणि तिच्यावर मी बोलू नये, असं कधी झालंच नाही.

कॅमेरा माझ्या दिराने दिला. आमचा दीर म्हणजे उंटावरचा शहाणा. वापरत काही नाही, पण घेतो सगळं आणि सल्ला देतो सगळ्याचा. खिशात मावेल एवढा तो कॅमेरा त्याने मखमली पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवला.

"वहिनी, याला ऑटोवर ठेवायचं आणि बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. कॅमेरा हुशार असतो. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

"तुझ्यापेक्षा म्हण. सगळ्यांना कशाला ओढतोस."

रविवारी सकाळी आम्ही कार्यशाळेत गेलो. पत्र्याचं छप्पर, पूर्वेला उंच खिडकी, साखळीने बांधलेल्या गॅसच्या दोन टाक्या, आणि मधोमध ह्यांचं टेबल. टेबलाच्या कडेला नळी पकडायचा वाइस, वाइसपासून वीतभर अंतरावर सांध्यात वितळवायच्या पितळी कांड्या, त्यांच्या शेजारी टाकणखाराचा डबा, मग तारेचा ब्रश. गेली कित्येक वर्षं हा क्रम बदललेला नाही. मी कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर बसवला, ऑटोवर ठेवला आणि बटण दाबलं. ह्यांनी डोळ्यांवर काळा गॉगल ओढला आणि टॉर्च पेटवली.

ज्योत दिसताच हुशार कॅमेरा घाबरला. त्याने डोळे मिटल्यासारखं केलं आणि ज्योत सोडून सगळं काळं झालं. नळी नाही, हात नाही, मास्तर नाहीत. ज्योत नळीच्या मागे गेली की पुन्हा डोळे उघडले आणि भिंत पांढरी पडली. अंधार, उजेड, अंधार, उजेड. शेवटी सांधा झाला, पण तो कधी झाला हे व्हिडिओ बघून देवालाही सांगता आलं नसतं. मी दिराला फोन केला.

"ऑटोवरच आहे ना?" तो म्हणाला. "मग बरोबरच असणार."

मी पिशवीतली पुस्तिका काढली. पहिली आठ पानं कॅमेरा पाण्यात टाकू नका, खाऊ नका, लहान मुलांना खाऊ देऊ नका, यात गेली. मग एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत कामाचं सापडलं. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाचा अंदाज घेतो आणि त्याप्रमाणे आपण होऊन एक्स्पोजर कमीजास्त करतो. मधे एकच गोष्ट फार झगझगीत आली की ती सांभाळायच्या नादात बाकीचं काळं पडतं. उपाय म्हणजे चांदणीचं चित्र असलेलं बटण. ते दाबलं की एक्स्पोजर आहे तिथे बांधलं जातं, मग समोर काहीही पेटो वा विझो. पडद्यावर एक पट्टी येते, मधे शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. बाजूचं चाक फिरवून उजेड हवा तेवढा वाढवायचा किंवा कमी करायचा. एवढं सोपं. घरोघरी प्रत्येकाला एक चांदणीचं बटण असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"उजेड किती ठेवायचा ते मी सांगतो," हे म्हणाले. "ज्योतीचं मला कळतं."

म्हटलं, खरंच आहे. त्यांनी पेटती टॉर्च एका हातात धरून पडद्याकडे वाकून बघितलं.

"काळं दिसतंय. वाढव."

मी एक घर वाढवलं.

"अजून."

दोन घरं वाढवून आम्ही दुसरा व्हिडिओ काढला. बघतो तर सगळं पांढरंफेक. ज्योत पांढरी, नळी पांढरी, हे पांढरे. मास्तर स्वर्गातून वेल्डिंग शिकवतायत असं वाटत होतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांनी पडद्याकडे बघितलं होतं ते गॉगल न काढता. वेल्डिंगच्या काळ्या काचेतून बघितल्यावर सूर्यसुद्धा पिवळ्या बटणाएवढा दिसतो, तिथे बिचाऱ्या पडद्याची काय कथा. मी स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जन्म काळ्या काचेमागे काढलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला सुचणंच शक्य नाही, असंही म्हणाले.

"आता गॉगल काढा आणि बघा."

त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला. कॅमेरा स्टँडवरून काढून तोंडाजवळ नेला, मग लांब धरला, मग खिडकीकडे पाठ केली.

"अजून अंधारच आहे," ते म्हणाले. "अजून एक घर वाढव."

"अहो, नळी दिसत नाहीये, भिंत दिसत नाहीये. अजून वाढवलं तर पलीकडच्या वर्गातलं दिसायला लागेल."

"मला काळं दिसतंय ते सांगतोय."

"तुम्हाला काय, वर्तमानपत्रही फिकं दिसतं आणि पडदाही काळा दिसतो. जगाचीच शाई बिघडलीय."

ते कॅमेरा माझ्या हातात ठेवून टेबलाकडे वळले. "तुला सगळं कळतं ना, मग तूच ठेव," एवढंच म्हणाले. मला वाटलं, हट्ट. नाचता येईना अंगण वाकडं, हेही मी पुटपुटले, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तिसऱ्या वेळी मी माझ्या धंद्याची अक्कल वापरली. चेकिंगच्या टेबलावर आम्ही उजेड डोळ्यावर घेत नाही, कामावर घेतो. मी कोपऱ्यातले दोन टेबलदिवे आणले आणि दोन्हीकडून ह्यांच्या हातांवर सोडले. उजव्या दिव्याला जागा हवी म्हणून टेबलावरचं सामान थोडं बाजूला केलं. मग ह्यांना टॉर्च पेटवून नळीपाशी धरायला सांगितलं, चांदणी दाबली आणि चाक हळूहळू उणेकडे फिरवलं. ज्योतीच्या आतला निळा टोकदार भाग वेगळा दिसायला लागला तिथे थांबले. हात दिसत होते, नळीवरचे ओरखडे दिसत होते, ह्यांच्या बाहीवरची जळकी भोकं दिसत होती. भोकं मी मोजली पण. सात.

काम करताना हे बोलत नाहीत, म्हणून मुद्देसाहेबांना हवा असलेला आवाज मी द्यायचा ठरलं. एकतीस वर्षं ऐकून ऐकून मला सगळं पाठ होतं. "आता मास्तर नळीचं टोक घासतायत," मी सुरू केलं. "घासल्याशिवाय काही नीट चिकटत नाही, हे संसारालाही लागू आहे. आता टाकणखार लावतायत. तो वितळून पाण्यासारखा स्वच्छ झाला की समजायचं, नळी तापली. घाई करायची नाही. मास्तरांनी जन्मात कसलीच घाई केलेली नाही, हे मला विचारा." माझं मलाच बरं वाटत होतं. पडद्यावर सगळं कसं लख्ख होतं.

पहिला सांधा झाला. ह्यांनी टॉर्च बंद केली, गॉगल कपाळावर घेतला आणि दुसऱ्या कांडीसाठी हात पुढे केला. तेव्हा चौथं मिनिट चालू होतं.

हात कांडीकडे गेला नाही. आधी टेबलाच्या कडेला गेला. दोन बोटं कडेवरून चालत वाइसपाशी आली, वाइसपासून एक वीत मोजली आणि थांबली. तिथे कांडी नव्हती. दिव्यासाठी मी ती बाजूला केली होती. बोटांनी ती रिकामी जागा चाचपली, मग पुन्हा चाचपली. कांडी हाताच्या अंतरावर होती, दोन दिव्यांच्या उजेडात सोन्यासारखी चमकत होती. ह्यांचे डोळे उघडे होते आणि थेट तिच्यावर होते.

मी बोलायची थांबले.

मग एकेक आठवायला लागलं. शाई. दिवा. स्कूटर. काळा चष्मा. ज्योतीकडे डोळा लावण्याऐवजी कान लावून मान तिरकी धरायची नवी लकब, जिला मी कॅमेऱ्यासाठी पोझ समजले होते. आणि घरात मला काही कळलं नाही, कारण घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त माझीच. कप डाव्या हाताला, चप्पल दाराच्या उजवीकडे, किल्ल्या खुंटीवर. हा माणूस माझ्या शिस्तीला धरून चालत होता. लाल ठिपके मी सगळे बरोबर जागी चिकटवले होते. खोट काय आहे ते मात्र एकदाही वाकून बघितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या शिवणी तपासून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात दिव्याखाली अंधार तो हा.

मी हात पुढे करून कांडी त्यांच्या बोटांखाली सरकवली. त्यांनी ती उचलली, गॉगल ओढला, टॉर्च पेटवली आणि दुसरा सांधा घातला. कॅमेरा चालूच होता. त्यात माझा हात आलाय आणि पुढची सहा मिनिटं फक्त ज्योतीचा आवाज आहे. सांधा नेहमीसारखा झाला, बोटाला न लागणारा.

"गप्प का झालीस?" टॉर्च विझवून त्यांनी विचारलं. "कॅमेरा बिघडला का?"

"नाही. कधीपासून दिसत नाहीये?"

"काय दिसत नाहीये?"

"अहो."

ते स्टुलावर बसले. "आठ महिने झाले असतील. आधी डावा, मग उजवा. धुकं धरल्यासारखं होतं. दिवा समोरून आला की काहीच नाही."

"आणि सांधे?"

"ज्योत नीट पेटली की बारीक फुसफुसते, ऑक्सिजन जास्त झाला की ओरडते. कांडी आत ओढली गेली की हाताला कळतं. तेवढं पुरतं. पण मुलांमध्ये पेटती टॉर्च घेऊन उभं राहायला आता भीती वाटते. गेला महिनाभर नुसता फळ्यावर शिकवतोय."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी गॉगलची काच सदऱ्याला पुसली. बराच वेळ पुसली.

"वाटलं, यावरही तू काहीतरी बोलशील," ते म्हणाले.

रागावून म्हणाले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते साधं म्हणाले, पाऊस येईल म्हणून छत्री घेतली असं सांगावं तसं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी त्यांच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसले आणि त्यांचा हात धरला. कार्यशाळेत आम्ही असे पहिल्यांदाच बसलो असू.

"आता कुठला पाठवायचा?" मी थोड्या वेळाने विचारलं. "पांढऱ्यात काहीच दिसत नाही. यात सगळं दिसतं. बघणाऱ्याने बघितलं तर तुमचं चाचपणंही दिसतं."

"सांधा दिसतो?"

"स्वच्छ."

"मग हाच. पांढरा पाठवला तर विभाग जाईल. हा पाठवला तर फार तर मी जाईन. विभाग राहू दे."

सोमवारी दुपारी मी तो व्हिडिओ पाठवला. पाठवायच्या आधी पुन्हा एकदा बघितला आणि चौथ्या मिनिटाला माझं बोट थांबलं, पण कापला नाही. मुद्देसाहेबांचं उत्तर बुधवारी आलं. मुद्दा एक, व्हिडिओ दर्जेदार असून विभाग चालू राहील. मुद्दा दोन, प्रकाश किंचित कमी वाटतो, पुढच्या वेळी कॅमेरा ऑटोवर ठेवावा. मुद्दा तीन, चौथ्या मिनिटापासून निवेदन बंद पडते, हा तांत्रिक दोष दुरुस्त करावा. हे त्याच दिवशी त्यांच्याकडे गेले आणि डोळ्यांचं खरं ते सांगून टाकलं. मुद्देसाहेब म्हणाले, व्हिडिओत तर तसं काही दिसलं नाही. दोन्ही डोळे धडधाकट असलेल्या माणसाला आणखी काय म्हणायचं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. ज्योतीची उष्णता वर्षानुवर्षं सोसली की लवकर होतो म्हणाले, आणि आठ महिने काय करत होता असंही विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं. ते दोन-अडीच महिने मुलं कार्यशाळेत भिंतीवर आमचा व्हिडिओ बघत होती, आणि त्यावरून जुन्या नळ्यांवर घासायचा आणि टाकणखार लावायचा सराव करत होती. टॉर्च कुलपात होती.

हे पुन्हा कामावर गेले त्या दिवशी संध्याकाळी लवकर परतले. बूट काढले, हात धुतले, बसले.

"एका मुलीने आज विचारलं," ते म्हणाले, "की सर, मॅडम चौथ्या मिनिटाला एकदम गप्प का होतात?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तिथपर्यंत ती बोलत होती. तिथून बघायला लागली."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, जिभेच्या टोकावर. मी चहा गाळला आणि कप नेहमीच्या जागेपासून मुद्दाम वीतभर लांब ठेवला. त्यांनी तो न चाचपता उचलला.